थोरल्याचा नळ, धाकट्याचा नळ

आईने चहाचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "चहा छान झालाय. पण तिकडच्या पाण्याची चव काही वेगळीच."

एवढं बोलून ती पुन्हा वर्तमानपत्रात शिरली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या थोरल्यांच्या घशात मात्र चहा अडकला, आणि पुढचे चार आठवडे तो काही नीट खाली उतरला नाही.

'तिकडे' म्हणजे धाकट्याकडे. आईला दोन मुलगे, दोघं दोन शहरांत, आणि मध्ये अकरा तासांचा रेल्वेचा प्रवास. वडील गेल्यापासून आई सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे राहायची. या वेळी मात्र डॉक्टरांनी तिचा गुडघा दाबला, कंबर दाबली, "दुखतं का?" असं विचारलं, आणि ती "नाही" म्हणताना तिचा चेहरा बघून सांगितलं, "आजी, आता फार तर एक शेवटचा प्रवास. कुठल्या तरी एका घरी स्थिर व्हा."

कुठल्या घरी, हे महिनाअखेरपर्यंत ठरवायचं होतं. थोरल्यांनी तिला अगदी सहज वाटेल अशा आवाजात विचारलंही होतं. त्यावर आई म्हणाली होती, "बघू. कुठलं पाणी मानवतं ते बघून सांगते."

दुसऱ्या कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण थोरले विमा कंपनीत दावे विभागात होते. तिथे तीस वर्षं बसून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं, की माणसाला जे म्हणायचं असतं ते तो लिहितो, आणि लिहिलेल्यापलीकडचं वाचायला जाणारा कारकून एक दिवस गोत्यात येतो. आई पाणी म्हणाली म्हणजे पाणीच.

आणि खरं सांगायचं तर थोरल्यांना आई हवी होती. हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, कारण छप्पन्न वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, हाताखाली सहा माणसं असणाऱ्या गृहस्थाने "मला माझी आई हवी" असं म्हणणं बरं दिसत नाही. पण सकाळी बुटाची नाडी बांधताना "रुमाल घेतलास का?" असं विचारणारं घरात कोणी असलं की त्यांचा दिवस चांगला जायचा. ती धाकट्याकडे असली की सहा महिने ते रुमाल विसरायचे.

"अहो, चव पाण्याला नसते, तोंडाला असते," बायको म्हणाली. "साखर अर्धा चमचा कमी पडली असेल."

"साखर आणि पाणी हे दोन वेगळे मुद्दे आहेत," थोरले म्हणाले, आणि मुद्दा क्रमांक दोन हाती घेऊन कामाला लागले.

आपल्याकडे कोणी काही हाती घेतलं, की सल्ले देणाऱ्यांना निमंत्रण लागत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर त्याच संध्याकाळी हजर झाले. त्यांनी सगळी नोकरी गटारं बांधण्यात घालवली होती, पण पाणी दोन्हीकडे असतंच, असं म्हणून ते स्वतःला त्या विषयातले अधिकारी समजत. शुद्ध पाण्याला चव नसते, चव असेल तर ते शुद्ध नसतं, आणि शुद्ध असेल तर ते पिण्यात अर्थ नसतो, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी साबणाची परीक्षा सुचवली. फेस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघायचं. इस्त्रीवाल्याने कपडे देता देता ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, माणसं खोटं बोलतात. इस्त्री बोलत नाही. माझ्या इस्त्रीत दोन्ही पाणी भरून बघा. ज्याने वाफेची भोकं आधी बुजतील ते पाणी वाईट."

"किती दिवस लागतात बुजायला?"

"दोन वर्षं," इस्त्रीवाला म्हणाला.

शेवटी इंजिनिअरांनी त्यांचं खास यंत्र दिलं. ते पेनासारखं होतं, खिशाला लावता यायचं, आणि पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. थोरल्यांनी ते स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं. आकडा आला तीनशे बारा.

"हे चांगलं की वाईट?"

"ते तुम्ही कशाशी तुलना करता त्यावर आहे," इंजिनिअर म्हणाले आणि समाधानाने घरी गेले.

ज्याच्या हातात आकडा दाखवणारं यंत्र येतं, त्याचा हात स्वस्थ राहत नाही. थोरल्यांनी फुलदाणी मोजली, मोरी मोजली. ऑफिसातलं पाण्याचं पिंप मोजलं, शेजारच्या टेबलावरचा पेला मोजला, आणि व्यवस्थापक बाहेर गेलेत असं समजून त्यांच्याही पेल्यात ते बुडवलं. व्यवस्थापक दारातच उभे होते. "काय आहे?" त्यांनी विचारलं. "दोनशे नव्वद," थोरले म्हणाले, कारण त्या क्षणी त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते यंत्र उकळत्या चहात बुडवलं. पाणी, साखर आणि दूध यांतून पाण्याचा दोष वेगळा काढता येतो का, असा तो शास्त्रीय विचार होता. यंत्राने तीन आठ दाखवले आणि प्राण सोडला. इंजिनिअरांनी ते परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि एक शब्दही न बोलता वर गेले. पुढचे दोन दिवस जिन्यातल्या त्यांच्या पावलांतूनसुद्धा नाराजी ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी नवं यंत्र आणून दिलं, तेव्हा कुठे त्यांनी पुढचा सल्ला दिला.

"हे असलं खेळणं सोडा. सरळ प्रयोगशाळेत जा. शिक्का मारलेला अहवाल घ्या. शिक्क्यापुढे कोण बोलतं?"

शिक्का म्हटल्यावर थोरल्यांना पटलं. त्यांनी आधी धाकट्याला फोन केला.

"तुझ्याकडच्या नळाचं एक बाटलीभर पाणी पाठवशील का? आमच्या पाण्याबरोबर तपासून घेतो. असंच, माहितीसाठी."

 धाकटा जरा जास्तच उत्साहाने म्हणाला, "हो, हो, होऊन जाऊ दे तपासणी, दादा. मलाही माहिती हवीच होती."

कसली माहिती हवी होती, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मात्र न बोलताच ठरलं.

सरकारी प्रयोगशाळा एका लांबलचक इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाई होत्या. थोरले आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेले. बाहेरच्या बाजूने ती एवढी उंच दिसते, आणि बोलायला एवढं वाकावं लागतं, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

"पहिला नमुना कुठला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या घरचा. नळाचा."

"दुसरा?"

"धाकट्या भावाच्या घरचा. तो परगावी असतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "परगावचं पाणी आम्ही घेत नाही."

"ठेवून घेऊ नका हो. नुसतं तपासायचंय."

"आमच्या हद्दीतलंच तपासतो. बाहेरचं असेल तर त्या शहराच्या पाणी खात्याचं पत्र लागेल, की त्यांचं पाणी इथे तपासायला त्यांची हरकत नाही म्हणून."

थोरल्यांचे कान तापले. पण त्यांना आठवलं, की हरवलेल्या छत्रीच्या दाव्यात एका गृहस्थाकडे त्यांनी स्वतः छत्रीचा हरवण्याआधीचा फोटो मागितला होता, आणि तो गृहस्थ खिडकीबाहेर असाच वाकून उभा होता. ते तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एकाच घरातले दोन नळ चालतात. एक स्वयंपाकघर लिहा, एक बाथरूम लिहा. बाटलीला काय कळतंय?"

तीस वर्षांत थोरल्यांनी कागदावर एक खोटी ओळ लिहिली नव्हती. त्यांनी डोळ्यांसमोर आई आणली, आणि अर्जावर स्वतःच्या नळापुढे 'स्वयंपाकघर' आणि धाकट्याच्या नळापुढे 'बाथरूम' लिहिलं. संध्याकाळी फोनवर हे ऐकून धाकटा उसळला.

"माझं अख्खं शहर तू बाथरूममध्ये घातलंस?"

"अरे, नुसतं कागदावर."

"कागदावर म्हणजेच खरं, असं तूच म्हणतोस ना नेहमी? मी नाही पाठवत पाणी."

वीस मिनिटं वाद झाला. शेवटी थोरलेपणा कामी आला, म्हणजे थोरल्यांनीच माघार घेतली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीपुढे वाकले आणि खाडाखोड करून धाकट्याला स्वयंपाकघर दिलं. बाथरूम स्वतःकडे ठेवलं.

बाईंनी निर्जंतुक केलेल्या दोन बाटल्या दिल्या, प्रत्येकीला कागदी सील, आणि सोबत सूचनांचा कागद. नळ स्वच्छ पुसावा, तीन मिनिटं वाहू द्यावा, बाटली विसळू नये, काठोकाठ भरू नये, चोवीस तासांत आणून द्यावी. एक बाटली धाकट्याकडे पाठवायला थोरले रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेले.

"आत काय आहे?"

"रिकामी बाटली."

पार्सलवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का, तिकडे बाटल्या मिळत नाहीत?"

तीन दिवसांनी तीच बाटली भरून परत आली आणि थोरले ती घ्यायला गेले, तेव्हा पार्सलवाला तोच होता. कागदावर 'पाणी' असं वाचून त्याने काही विचारलं नाही. नुसतं शेजारच्याला बोलावून थोरल्यांकडे बोट दाखवलं.

बाटली आली शनिवारी, आणि शनिवारी प्रयोगशाळा बंद. चोवीस तास उलटणार होते, पण गारव्यात पाणी टिकेल या भरवशावर थोरल्यांनी ती फ्रिजच्या अगदी आतल्या कोपऱ्यात ठेवली, पुढे भाज्यांची आडोशाची भिंत उभी केली. रविवारी सकाळी इमारतीच्या टाक्या धुवायला काढल्या, नळ कोरडे पडले, आणि ऐन तेव्हाच आईच्या गोळीची वेळ झाली. थोरले दाढी करून बाहेर आले, तर आई बाटलीचं सील फाडून पेल्यात पाणी ओतत होती.

"एवढं घट्ट झाकण कशाला लावता रे?" ती म्हणाली, गोळी घेतली, आणि तोंड वाकडं केलं. "आज जरा मचूळच आहे नाही पाणी? तिकडे असं नसतं."

थोरल्यांनी आ वासला. ती जे पीत होती ते तिकडचंच होतं! दावा सिद्ध झाला होता, साक्षीदार समोर बसला होता, आणि पुरावा त्याच साक्षीदाराच्या पोटात गेला होता. ते बोलणार, तेवढ्यात बायकोने त्यांना कोपराला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"एक अक्षर बोलाल तर खबरदार. या वयात आपण त्यांची परीक्षा घेतोय असं वाटेल त्यांना."

"पण आपण जिंकलो!"

"जिंकून त्यांचं मन दुखवणार आहात का?"

थोरल्यांनी बायकोचं ऐकलं. नवीन दोन बाटल्यांसाठी नवीन अर्ज करावा लागणार होता, आणि अर्जासाठी अर्ध्या दिवसाची रजा. रजेच्या कागदावर कारण लिहावं लागतं. थोरल्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'घरगुती पाण्यासंबंधी अडचण'. पेल्याच्या प्रसंगानंतर व्यवस्थापकांना त्यांची काळजी वाटतच होती. घरात पाणी शिरलंय, त्यामुळेच हा माणूस असा वागतोय, असं त्यांनी ठरवलं आणि स्वतःचा नेहमीचा प्लंबर परस्पर थोरल्यांच्या घरी धाडला.

थोरले खिडकीपुढे वाकलेले, बायको बाजारात. घरी एकटी आई.

"साहेबांनी पाठवलंय. गळती कुठेय?" प्लंबरने विचारलं.

"मला काय माहीत बाबा, बघ तूच," आई म्हणाली. साहेबांनी पाठवलंय म्हणजे तिच्या मुलानेच पाठवलंय, असं ती समजली.

प्लंबर कामात पक्का होता. गळती सापडत नाही म्हणजे ती भिंतीच्या आत आहे, हे त्याने ओळखलं. त्याने भिंतीला कान लावला, हातोडीने ठोकून पाहिलं, स्वयंपाकघरातला नळ मुळापासून काढला, आणि मग गळती सापडली. ती नळाच्या जागेवरून थेट समोरच्या कपाटापर्यंत जात होती. थोरले परतले तेव्हा आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, प्लंबर भोकात बोळा कोंबत होता, आणि निवृत्त इंजिनिअर दारात उभे राहून, "मी म्हणतच होतो, पाइप जुने आहेत," असं सगळ्यांना सांगत होते. शिक्षिकाबाईंनी बादली आणली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले सहाही जण मदतीला आले आणि खरोखरच ओल आलेली बघून त्यांचं समाधान झालं. व्यवस्थापकांनी तर, "मला आधीच सांगायचंत," असं म्हणून थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्यांना आभार मानावे लागले.

दुसरी फेरी मात्र त्यांनी अगदी बेतशीर आखली. धाकट्याची बाटली मंगळवारी सकाळच्या गाडीने येणार. ती घ्यायला थोरले स्टेशनवर, आणि त्याच वेळी घरी नव्या नळाखाली बायकोने इकडची बाटली भरायची. सूचनांचा कागद त्यांनी नळाशेजारी चिकटवला आणि तिला दोनदा वाचायला लावला.

"कळलं हो. पाणीच भरायचंय ना?" ती म्हणाली.

सगळं वेळेवर झालं. दोन्ही बाटल्या चोवीस तासांच्या आत खिडकीतून आत गेल्या. आता महिनाअखेरीला नऊच दिवस उरले होते आणि आईने अजून तोंड उघडलं नव्हतं. थोरल्यांचं कामात लक्ष लागेना. त्यांनी एक दावा चक्क पहिल्याच फेरीत मंजूर केला.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेने अहवाल दिला नाही, बोलावणं धाडलं. आतल्या खोलीत मुख्य तपासनीस बसले होते. दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर होत्या.

"यातली बाथरूमची कुठली?" त्यांनी विचारलं.

"ही," थोरले म्हणाले. "काय निघालं त्यात?"

"काहीच नाही. तीच तर भानगड आहे. दोन्हींत काहीच नाही. गाळ नाही, क्लोरीनचा मागमूस नाही. नळाच्या पाण्यात आम्ही स्वतः क्लोरीन घालतो हो, ते गेलं कुठे? तुमच्या बाथरूममध्ये एवढं शुद्ध पाणी येत असेल, तर मीच सहकुटुंब तुमच्याकडे राहायला येतो."

त्यांनी अहवालावर शिक्का मारला. त्यावर लिहिलं होतं, 'दोन्ही नमुने नळाचे वाटत नाहीत. अर्जदाराने कार्यालयाचा वेळ घेऊ नये.' थोरल्यांवर आयुष्यात प्रथमच कोणी तरी लेखी शेरा मारला होता. ते घरी चालत आले.

बायकोपुढे त्यांनी तो कागद धरला. तिने वाचला, आणि पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा करावा तसा हात फिरवला. चूक पकडली गेली की ती असंच करायची.

"बाटली भरली कशी तू?"

"कशी म्हणजे? आधी उकळलं, वीस मिनिटं. मग थंड केलं. मग दोनदा गाळलं, आणि मग फिल्टरमध्ये ओतून भरलं."

"अगं, पण कागदावर काय लिहिलं होतं? नळाचं पाणी!"

"लिहिलं होतं! आपल्या घरचं पाणी चार परक्या माणसांपुढे जाणार, ते काचेखाली धरून बघणार, आणि त्यात काही निघालं तर नाव कोणाचं जाणार? तुमचं? ती बाई कसं घर ठेवते असंच म्हणणार सगळे. परत शेजारी जाऊबाईंची बाटली. नाही बाई. पाहुण्याला देते त्याहून चांगलं दिलं मी."

थोरले खुर्चीत बसले. मग एक शंका येऊन ते पुन्हा उठले आणि धाकट्याला फोन लावला. फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं करून ठेवलं. धाकट्याने आपल्या बायकोला विचारलं, आणि तिकडून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मशीनचं भरलं की! दोन्ही वेळेला. भाऊजींच्या घरी जाणार म्हटल्यावर नळाचं कसं पाठवू? वहिनी काय म्हणतील?"

इकडे थोरली जाऊ समाधानाने मान हलवत होती. आपण दोघी काही वेड्या नाही, याची तिला खात्री पटली.

"तुमच्याकडे पाण्याचं मशीन कधी आलं?" थोरल्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," धाकटा म्हणाला. मग त्याचा आवाज जरा पडला. "आईसाठीच घेतलं, दादा. इथे असली की रोज सकाळी चहा घेताना म्हणते, थोरल्याकडच्या पाण्याची चव काही वेगळीच. मशीन घेतलं तरी म्हणते. म्हणून तर तू तपासायचं म्हणालास तेव्हा मी लगेच हो म्हटलं. म्हटलं एकदा कळू दे, माझ्या पाण्यात कमी काय आहे."

थोरल्यांनी शिक्क्याचा अहवाल टेबलावर पालथा ठेवला.

"काय रे, दोघं मिळून माझ्या नावाने काय चाललंय?" दारातून आई म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती कोण जाणे. "आणि तुम्हाला वाटत असेल मला काही कळत नाही. महिनाभर घरात बाटल्या नाचतायत. आंधळी झाले का मी?"

"आई," थोरले म्हणाले, "तू इथे असलीस की तिकडचं पाणी चांगलं, आणि तिकडे असलीस की इथलं. मग खरं कुठलं चांगलं?"

आई हळूच खुर्चीत बसली. गुडघ्यावर हात ठेवला.

"पाण्याचं मला काय कळतंय? पाणी ते पाणी. इथे असले की धाकट्याची आठवण येते. सकाळी जरा जास्तच येते. आता तुझ्याकडे बसून, तुझा चहा पिऊन, धाकट्याची आठवण येते असं म्हटलं, तर तुला नाही का वाईट वाटणार? आणि तिकडे तुझी येते म्हटलं तर त्याला. म्हणून आपलं पाण्यावर ढकलायचं. म्हटलं पाण्याला नावं ठेवली तर कोणाला लागतंय?"

थोरल्यांना ते चांगलंच लागलं होतं, आणि अकरा तासांवर बसलेल्या धाकट्यालाही. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. ज्या वाक्यासाठी त्यांनी महिनाभर शहर पालथं घातलं, त्या वाक्यात पाण्याचा थेंबही नव्हता. तीस वर्षांत इतकं साधं काही त्यांनी इतकं चुकीचं वाचलं नव्हतं.

"मग आता?" त्यांनी विचारलं. "कुठे राहायचं ठरवलंस?"

"ठरवलं. धाकट्याकडे."

फोनमधून आनंदाचा एक चीत्कार आला. थोरल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधू लागले. बायको पुढे आली.

"ऐकून तर घे," आई म्हणाली. "तू पाण्याच्या एका बाटलीसाठी महिनाभर धावलास. रजा काढल्यास, लोकांपुढे वाकलास, भिंत फोडून घेतलीस. तू मला भेटायला येशीलच, मी कुठेही असले तरी. त्याबद्दल मला शंकाच नाही. आणि हा? चार वर्षांत इथे एकदा आला, तेही कुणाच्या तरी लग्नाला, आणि जेवून लगेच परत."

"आई, मी फोनवर आहे!" धाकटा ओरडला.

"माहीत आहे. म्हणून तर मोठ्याने बोलतेय. मी इथे राहिले तर मला तू एकटाच दिसशील. तो नुसता फोनवर. तिकडे राहिले तर दोघं दिसाल." आईने थोरल्यांचा हात धरला. "शहाणा आहेस म्हणून तुला सोडून जातेय रे. नाठाळ असतास तर तुझ्याकडेच राहिले असते."

थोरल्यांनी त्यात काही खोट निघते का ते पाहिलं. नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की आजवर आपल्याबद्दल एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

धाकट्याला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आई मिळाली, पण ती ज्या कारणाने मिळाली ते त्याला गिळवेना. "मी स्वतः न्यायला येतो," त्याने जाहीर केलं, आणि खरंच त्या शनिवारी तो आला. आल्याबरोबर त्याने थोरल्यांशी प्लंबरवरून वाद घातला, वहिनींकडून दोनदा चहा मागून घेतला आणि दुपारी मोठ्या भावाच्या पलंगावर घोरत पडला. आई दोन्ही खोल्यांतून उगाच येरझारा घालत होती. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नव्हती.

रविवारी संध्याकाळी थोरल्यांनी तिला डब्यात बसवलं, पाठीशी उशी दिली, गोळ्यांची पिशवी धाकट्याच्या हातात न देता तिच्याच मांडीवर ठेवली. गाडी हलली तशी आई खिडकीतून म्हणाली, "उगाच दगदग करून लगेच येऊ नकोस."

"नाही येत," थोरले म्हणाले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बायको म्हणाली, "चला." पण थोरले घराच्या दिशेने वळले नाहीत. ते तिकिटाच्या खिडकीशी गेले, वाकले, आणि पुढच्या शुक्रवारचं एक तिकीट मागितलं.

"परतीचं कधीचं?" आतल्या माणसाने विचारलं.

"ते आई सांगेल," थोरले म्हणाले.